जेम्स वेबच्या खुल्या प्रतिमांतून अतिदूर दीर्घिका शोधायच्या कशा: डाउनलोडपासून वर्णपटापर्यंत

जुलै २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या पहिल्या प्रतिमा खुल्या झाल्या आणि विक्रमी अंतरावरच्या दीर्घिकांचे दावे लगेच सुरू झाले. त्यातले काही टिकले, काही वर्णपट हाती आल्यावर कोसळले. तेव्हापासून या कामाची पद्धत बरीच घट्ट झाली आहे, आणि ती वापरायला दुर्बिणीवर स्वतःचा वेळ मिळवावा लागत नाही. प्रतिमा फुकट, सॉफ्टवेअर फुकट. पायथॉन येत असेल, पदवीपातळीचं भौतिकशास्त्र झालं असेल, तर १६ जीबी मेमरीचा लॅपटॉप आणि अर्धा टीबी मोकळी डिस्क एवढ्या भांडवलावर सुरुवात होते. उमेदवारांची यादी बनवणं हे यातलं सोपं काम. खरं कसब त्या यादीतली नावं खोडण्यात आहे, म्हणून खालीही खोडण्यावरच जास्त शब्द खर्च केले आहेत.

प्रकाश कुठे तुटतो

सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे. विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांत दीर्घिकांमधल्या पोकळीत उदासीन हायड्रोजन भरपूर होता. दीर्घिकेतून निघालेला ०.१२१६ मायक्रॉनपेक्षा (लायमन-आल्फा) कमी तरंगलांबीचा जवळजवळ सगळा प्रकाश तो वाटेतच गिळतो. त्यामुळे वर्णपटात तिथे कडा पडते: एका बाजूला प्रकाश, दुसऱ्या बाजूला काळोख. रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली, त्याचं माप) झेड असेल तर ही कडा आपल्याला ०.१२१६ गुणिले (१ + झेड) मायक्रॉनवर दिसते. झेड १० ला ती १.३४ मायक्रॉनवर येते, झेड १४ ला १.८२ वर. विश्वाचं वय झेड ६ ला सुमारे ९३ कोटी वर्षं, झेड १० ला सुमारे ४७ कोटी आणि झेड १४ ला जेमतेम २९ कोटी वर्षं होतं.

आता निअरकॅम या वेबच्या अवरक्त कॅमेऱ्याचे फिल्टर पाहा. एफ०९०डब्ल्यू साधारण ०.८० ते १.०० मायक्रॉन, एफ११५डब्ल्यू १.०१ ते १.२८, एफ१५०डब्ल्यू १.३३ ते १.६७ आणि एफ२००डब्ल्यू १.७६ ते २.२३. पुढे फिल्टर नुसत्या आकड्याने लिहिले आहेत: २७७ म्हणजे २.७७ मायक्रॉनच्या आसपासचा. कडा फिल्टरच्या वरच्या टोकापलीकडे गेली की त्या फिल्टरमधून दीर्घिका पूर्ण गायब होते. ०९० मधून ती झेड ७.३ नंतर जाते, ११५ मधून ९.५ नंतर, १५० मधून १२.७ नंतर आणि २०० मधून १७.३ नंतर. म्हणून यांना ‘ड्रॉपआउट’ म्हणतात. १९९० च्या दशकात चार्ल्स स्टायडल आणि सहकाऱ्यांनी झेड ३ च्या दीर्घिकांसाठी हीच युक्ती रुळवली. तिथे कामाला येणारी कडा लायमन मर्यादेची, म्हणजे ०.०९१२ मायक्रॉनची होती.

क्षेत्र निवडणं आणि प्रतिमा मिळवणं

प्रक्रिया न केलेला माल नासाच्या ‘मास्ट’ संग्रहात असतो. सुरुवातीलाच त्याच्या वाटेला जाऊ नका. कोपनहेगनच्या कॉस्मिक डॉन केंद्राने चालवलेल्या ‘डॉन जेडब्ल्यूएसटी अर्काइव्ह’वर बहुतेक सगळ्या क्षेत्रांच्या तयार मोझेक (जोडून केलेल्या) प्रतिमा, त्यांचे वेट-नकाशे (कुठल्या पिक्सेलवर किती भरवसा ते सांगणारे) आणि वर्णपटही मिळतात. जेड्स सर्वेक्षणाच्या पथकाने स्वतः तयार केलेल्या प्रतिमा मास्टवर आहेत.

पहिल्या प्रयत्नाला गुड्स-साउथ हे आकाशाचं क्षेत्र घ्या. तिथे जेड्सच्या खोल (फिकट वस्तूही टिपणाऱ्या) प्रतिमा आहेतच, शिवाय हबलचं अल्ट्रा डीप फील्ड त्याच पट्ट्यात येतं. निळ्या बाजूला खोल प्रतिमा असणं किती मोलाचं आहे ते पुढे कळेल. सीअर्स सर्वेक्षणाच्या मूळ प्रतिमांत ०९० चा फिल्टर नाही, त्यामुळे तिथे हबलच्या ६०६ आणि ८१४ (०.६०६ आणि ०.८१४ मायक्रॉनच्या आसपासच्या) फिल्टरवर भिस्त ठेवावी लागते. कॉसमॉस-वेब अर्ध्या चौरस अंशाहून मोठं आहे, दुर्मिळ तेजस्वी दीर्घिकांसाठी उत्तम. पण निअरकॅमचे चारच फिल्टर (११५, १५०, २७७, ४४४) असल्याने नवख्याला तिथे चकवा लागण्याचा धोका जास्त.

डाउनलोड करताना एकक तपासा. डॉन संग्रहातल्या मोझेक प्रतिमा १० नॅनोजान्स्की प्रति पिक्सेल या एककात असतात, म्हणजे एबी पद्धतीचा झिरो पॉइंट २८.९. मास्टवरच्या प्रतिमा मेगाजान्स्की प्रति स्टरेडियनमध्ये असतात. ०.०३ आर्कसेकंदाच्या पिक्सेलला १ मेगाजान्स्की प्रति स्टरेडियन म्हणजे २१.१५ नॅनोजान्स्की. नॅनोजान्स्कीतून प्रत (मॅग्निट्यूड, आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकट) काढताना झिरो पॉइंट ३१.४ धरायचा: २८.५ प्रतीची वस्तू म्हणजे साडेचौदा नॅनोजान्स्की, ३० प्रतीची म्हणजे ३.६. एकेका फिल्टरची फाइल काही जीबींची असते. आधी चार-पाच आर्कमिनिटांचा तुकडा कापून त्यावर सगळी साखळी चालवून पाहा, मग पूर्ण क्षेत्र घ्या.

वस्तू ओळखणं

शोध एका फिल्टरवर घेऊ नका. ११५ चे ड्रॉपआउट शोधत असाल तर १५०, २०० आणि २७७, तर १५० चे शोधत असाल तर २००, २७७ आणि ३५६ या प्रतिमा वेट-नकाशानुसार भारित करून एकत्र करा आणि त्याची सिग्नल-टू-नॉइज प्रतिमा बनवा. या दीर्घिका मूळच्या निळ्या असतात, त्यामुळे ४४४ चा हट्ट धरला तर फिकट नग हातचे जातात. एसईपी किंवा सोर्स एक्स्ट्रॅक्टर या वस्तू शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये उंबरठा १.५ सिग्मा, किमान क्षेत्र ५ ते ९ पिक्सेल आणि डीब्लेंडिंगचा (चिकटलेल्या वस्तू सुट्या करण्याचा) किमान काँट्रास्ट ०.००१ च्या आसपास ठेवून सुरुवात करा. काँट्रास्ट फार खाली नेला तर एका सर्पिल दीर्घिकेचे वीस तुकडे यादीत येतील. फार वर ठेवला तर मोठ्या दीर्घिकेच्या कडेला बसलेला लहानसा दूरचा नग तिच्यातच विरघळेल.

उंबरठा बरोबर आहे का, हे पाहायला तीच प्रतिमा उणे एकने गुणा आणि तेच मापदंड लावून पुन्हा शोध चालवा. उलट्या प्रतिमेत खरी वस्तू असूच शकत नाही. जे सापडेल ते निव्वळ नॉइज. सुलट यादीच्या तुलनेत ही संख्या एक-दोन टक्क्यांवर गेली तर उंबरठा वाढवा.

मोजमाप आणि त्यातली खरी चूक

रंग मोजायला ०.२ ते ०.३ आर्कसेकंद व्यासाचं वर्तुळ पुरतं. पण २०० मध्ये बिंदूची रुंदी सुमारे ०.०६५ आर्कसेकंद असते, ४४४ मध्ये सुमारे ०.१४५. तेच वर्तुळ लाल फिल्टरमध्ये कमी प्रकाश पकडतं आणि वस्तू आहे त्यापेक्षा निळी दिसते. म्हणून क्षेत्रातलेच, डिटेक्टरवर संपृक्त न झालेले, एकटे तारे एकावर एक रचून प्रत्येक फिल्टरचा पीएसएफ (बिंदू प्रतिमेत कसा पसरतो तो आकार) बनवा आणि सगळ्या प्रतिमा ४४४ च्या पीएसएफशी जुळवा. एकूण तेजासाठी क्रॉन वर्तुळाशी (वस्तूच्या आकारानुसार बेतलेल्या मोठ्या वर्तुळाशी) गुणोत्तर काढून सगळ्या फिल्टरना एकाच पटीने गुणा, म्हणजे रंग बिघडत नाहीत.

सगळ्यात जास्त उमेदवार खोटे ठरतात ते चुकीच्या नॉइजमुळे. मोझेक बनवताना प्रतिमा ड्रिझल केलेल्या (नव्या पिक्सेल-जाळीवर पसरवून जोडलेल्या) असतात, त्यामुळे शेजारचे पिक्सेल एकमेकांशी बांधले जातात. वेट-नकाशावरून काढलेली त्रुटी मग खऱ्यापेक्षा कमी येते, आणि तुम्ही ज्याला ५ सिग्मा म्हणता ते ३.५ असतं. उपाय साधा आहे, पण तो टाळला जातो. रिकाम्या आकाशात हजार-दोन हजार वर्तुळं टाका, प्रत्येकातला फ्लक्स मोजा, त्यांचं मध्यक-विचलन (एमएडी) १.४८२६ ने गुणा. ही खरी त्रुटी. खोली जागोजागी बदलत असेल तर ती प्रत्येक वस्तूच्या आसपासच्या वर्तुळांवरूनच काढा.

ऋण फ्लक्स आला तर तो तसाच ठेवा. शून्य करू नका, प्रतीत बदलू नका. ड्रॉपआउट फिल्टरमधला ‘उणे ०.८ अधिक-उणे १.१ नॅनोजान्स्की’ हा आकडा बहुमोल आहे. उलट, हबलच्या प्रतिमेबाहेर पडलेल्या वस्तूला काही कॅटलॉग शून्य फ्लक्स देतात, आणि रेडशिफ्टचा प्रोग्राम त्याचा अर्थ ‘पाहिलं, पण दिसलं नाही’ असा लावतो. जिथे माहितीच नाही तिथे उणे ९९ भरा. या एका चुकीतून क्षेत्राच्या कडेकडेने झेड १२ च्या दीर्घिकांची रांगच लागलेली दिसते. यादीचा नकाशा काढून उमेदवार असे कडेला गोळा झालेत का, ते पाहाच.

चाळणी

गाळण्यासाठी या अटी ठेवा. कडेच्या लाल बाजूच्या किमान दोन फिल्टरमध्ये ५ सिग्मा. कडेच्या निळ्या बाजूच्या प्रत्येक फिल्टरमध्ये २ सिग्मापेक्षा कमी, आणि त्या सगळ्या निळ्या फिल्टरची बेरीज केलेल्या प्रतिमेतही काही नको. कडेवर किमान दीड प्रतीचा फरक. कडेपलीकडचा रंग सपाट: तरुण, धूळमुक्त दीर्घिकेचा अतिनील उतार (बीटा) उणे दोनच्या आसपास असतो, म्हणजे २७७ आणि ४४४ मधली एबी प्रत जवळजवळ सारखी येते.

दीड प्रत का? झेड ३.५ ते ४ च्या जुन्या किंवा धुळकट दीर्घिकेची बामर कडा (ताऱ्यांमधल्या हायड्रोजनमुळे पडणारी) १.६-१.८ मायक्रॉनवर पडते आणि झेड १४ ची नक्कल करते. पण बामर कडा सहसा एक-दीड प्रतीपेक्षा खोल जात नाही. लायमनची कडा प्रकाश जवळपास पूर्णच बंद करते. हा फरक दिसायला निळी प्रतिमा तितकी खोल हवी. उमेदवार २८.५ प्रतीचा असेल आणि ड्रॉपआउट फिल्टरची २ सिग्मा मर्यादा २९ च असेल, तर तुम्ही फक्त अर्ध्या प्रतीची कडा दाखवली आहे. अशी नावं कितीही मोहक वाटली तरी खोडा.

रेडशिफ्ट आणि त्याचा प्रतिस्पर्धी

ईझी हा प्रोग्राम वेगवेगळ्या दीर्घिकांचे नमुना-वर्णपट मिसळून तुमच्या आकड्यांशी जुळवतो. झेड ०.०१ ते २० पर्यंत चालवा, तेजावर आधारित प्रायर (आधीच गृहीत धरलेली शक्यता) बंद ठेवा, मोजमापावर ५ टक्के किमान त्रुटी चढवा. नमुन्यांत अतिनिळ्या तरुण दीर्घिकांचे संच आणि ठळक उत्सर्जनरेषा असलेले संच दोन्ही असू द्या. दुसऱ्यांदा चालवताना झेडची कमाल मर्यादा ७ ठेवा, म्हणजे जवळच्या पर्यायालाही पूर्ण संधी मिळते. दोन्ही वेळच्या काय-वर्गांतला (χ²) फरक ९ पेक्षा जास्त असेल तर उमेदवार भक्कम. ४ ते ९ वाले वेगळ्या वहीत. त्याखालचे सोडून द्या.

हा आकडाही आंधळेपणाने घेऊ नये, हे सीअर्स-९३३१६ या दीर्घिकेने शिकवलं. २०२२ मध्ये तिचा अंदाज झेड १६.४ च्या आसपास निघाला होता आणि जवळचा पर्याय नगण्य वाटत होता. वर्णपट आला आणि झेड ४.९ निघाला. त्या रेडशिफ्टला ऑक्सिजनची ०.५००७ मायक्रॉनची रेषा २.९६ मायक्रॉनवर, म्हणजे २७७ च्या फिल्टरमध्ये पडते. हायड्रोजनची एच-आल्फा ३.८८ वर येते, आणि तिथे ३५६, ४१० आणि ४४४ या तिन्ही फिल्टरच्या कडा एकमेकींना भिडतात. दोनच रेषांनी चार फिल्टर फुगवले, धुळीने उरलेला उतार लाल केला, आणि २०० च्या फिल्टरमध्ये कडा असल्याचा भास झाला. बारकाईने पाहिलं तर इथे दोष दीर्घिकेपेक्षा फिल्टरांच्या मांडणीचा आहे. १८२, २१०, ३००, ३३५ असे मध्यम रुंदीचे फिल्टर मिळत असतील तर ते आवर्जून घ्या. रेषा एका मध्यम फिल्टरमध्ये उसळी मारते आणि शेजारच्यात दिसत नाही, त्यामुळे सोंग उघडं पडतं.

उलटी बाजूही आहे. जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका इतकी तेजस्वी निघाली, आणि झेड ३.५ च्या एका दीर्घिकेपासून केवळ ०.४ आर्कसेकंदावर असल्याने इतकी संशयास्पद, की तिच्यावर विश्वास ठेवायला पथकालाही वेळ लागला. जानेवारी २०२४ मध्ये निअरस्पेक या वेबच्या वर्णपटमापकाने तिच्यावर जवळजवळ दहा तास दिले आणि ती खरी ठरली.

डोळ्यांनी तपासणी

हा टप्पा यंत्रावर सोपवू नका. प्रत्येक उमेदवाराचे ३ आर्कसेकंदांचे चौकोन सगळ्या फिल्टरमध्ये, सगळे सिग्माच्या एकाच पट्टीवर, शेजारी शेजारी लावा. दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासलं तर उत्तम. नजर यांच्यावर हवी:

– स्नोबॉल (वैश्विक किरणांमुळे डिटेक्टरवर पडणारे मोठे गोल डाग) आणि हॉट पिक्सेल. वेगवेगळ्या डिदरच्या (दुर्बीण किंचित सरकवून घेतलेल्या) सुट्या एक्स्पोजर उघडा. खरी वस्तू सगळ्यांत असते. एकाच एक्स्पोजरमध्ये असेल तर ती वस्तू नव्हे.

– विस्प. दुय्यम आरशाच्या खांबावरून विखुरलेला हा प्रकाश लघु-तरंग बाजूच्या ठरावीक डिटेक्टरवर, विशेषतः बी४ वर, दरवेळी त्याच जागी धुरासारखा पसरतो.

– ताऱ्यांचे काटे. तेजस्वी ताऱ्याच्या विवर्तन-काट्यावरचा गोळा रंगाने सहज फसवतो. काट्याची रेघ ताऱ्यापर्यंत मागे नेऊन पाहा.

– तपकिरी खुजे तारे. आपल्याच आकाशगंगेतले टी आणि वाय प्रकारचे तारे मिथेन-पाण्याच्या शोषणामुळे ड्रॉपआउटसारखे दिसतात. ते निखळ बिंदू असतात आणि ४४४ मध्ये २७७ पेक्षा बरेच तेजस्वी असतात. वस्तू बिंदूवत असेल तर ताऱ्यांचे नमुनेही जुळवून काय-वर्ग ताडून पाहा.

– सुपरनोव्हा. हा सापळा भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. अल्ट्रा डीप फील्डच्या हबल प्रतिमा २००३-०४ पासूनच्या, वेबच्या २०२२ नंतरच्या. मधल्या काळात उजळलेली कुठलीही वस्तू ‘हबलमध्ये नाही, वेबमध्ये आहे’ अशीच दिसणार. म्हणून निळ्या बाजूचा पुरावा निदान एका तरी वेबच्याच फिल्टरचा हवा, आणि फिल्टर वेगवेगळ्या तारखांचे असतील तर त्या तारखा नोंदीत लिहा.

वर्णपट

आधी डॉन संग्रहात तुमच्या जागेच्या ०.३ आर्कसेकंदात आधीच घेतलेला वर्णपट आहे का, ते पाहा. नशीब असेल तर प्रश्न पाच मिनिटांत मिटतो. निअरस्पेकचा प्रिझम ०.६ ते ५.३ मायक्रॉन एका दमात पाहतो, पण विभेदन सरासरी १०० आणि दीड-दोन मायक्रॉनवर त्याहून बरंच कमी. कडा स्वच्छ दिसते. तिच्यावरून काढलेला झेड मात्र थोडा जास्तच येतो, कारण दीर्घिकेभोवतीचा दाट हायड्रोजन कडा गोलसर करून लाल बाजूला ढकलतो. जेड्स-जीएस-झेड१४-० चा आकडा कडेवरून १४.३२ आला होता. नंतर चिलीतल्या आल्मा या मिलिमीटर-तरंगांच्या दुर्बिणीने ऑक्सिजनची ८८ मायक्रॉनची रेषा २२३.५ गिगाहर्ट्झवर पकडली आणि तो १४.१८ ठरला. जीएन-झेड११ चंही तसंच: हबलच्या ग्रिझमने ११.१ सांगितलं होतं, निअरस्पेकच्या रेषांनी १०.६. झेड ९.६ नंतर ऑक्सिजनची ०.५००७ ची रेषा निअरस्पेकच्या बाहेर जाते, मग वेबचं मध्य-अवरक्त उपकरण मीरी किंवा आल्मा. एकाच रेषेवर झेड जाहीर करू नका. दोन रेषा, नाहीतर एक रेषा आणि एक कडा. द्विमितीय वर्णपटही उघडा: नॉडिंगमध्ये (वस्तू सरकवून पार्श्वभूमी वजा करताना) शेजारच्या दीर्घिकेची ऋण सावली तुमच्या पट्टीत आली असेल तर ती कडेसारखी दिसते.

हाती काय लागतं

झेड पक्का झाल्यावर पहिला आकडा अतिनील निरपेक्ष प्रत. झेड १० ला २८.५ प्रतीची दीर्घिका सुमारे उणे १९ ची असते. जेड्स-जीएस-झेड१४-० उणे २०.८ ची आहे. मग आकार: झेड १० ला १ आर्कसेकंद म्हणजे सुमारे ४.२ किलोपार्सेक, झेड १४ ला ३.३. जेड्स-जीएस-झेड१४-० ची अर्धप्रकाश त्रिज्या सुमारे २६० पार्सेक, म्हणजे ०.०८ आर्कसेकंद. बिंदूपेक्षा ती रुंद आहे, म्हणजे निदान सगळा प्रकाश कृष्णविवराभोवतालचा नाही. ताऱ्यांचं वस्तुमान बॅगपाइप्स किंवा प्रॉस्पेक्टर या प्रोग्रामने निघतं, पण त्यावर फार मदार ठेवू नये. ताऱ्यांच्या जन्माचा इतिहास कसा गृहीत धरला यावर आकडा सहज तिपटीने हलतो.

एबेल २७४४ सारख्या दीर्घिका-समूहाच्या मागे शोधत असाल तर गुरुत्वीय भिंगाची वाढ भागून टाकायची. वाढ दोन-तीन पट असेल तोवर ठीक. क्रिटिकल रेषेजवळ (जिथे वाढ सगळ्यात जास्त असते) वेगवेगळी प्रारूपं इतके वेगळे आकडे देतात की तेजाबद्दल काही न बोललेलं बरं. याच क्षेत्राच्या वेब प्रतिमांत पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना झेड ४ ची, नीट घडलेल्या दोन भुजांची सर्पिल दीर्घिका सापडली आणि तिचं नाव त्यांनी ‘अलकनंदा’ ठेवलं. विश्व दीड अब्ज वर्षांचं असतानाची ही तबकडी. अंतराचा विक्रम नसतानाही रचनेवरून मोठा प्रश्न उभा राहतो, याचं हे चांगलं उदाहरण.

वर्णपटासाठी वेळ मागायची वेळ आली तर वेबचा वार्षिक प्रस्ताव जगातून कुणीही पाठवू शकतं. त्यासाठी वस्तूचे निर्देशांक ताऱ्यांच्या जागा अचूक मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या चौकटीला बांधलेले हवेत. निअरस्पेकचा एक शटर (प्रकाश आत सोडणारी चिमुकली खिडकी) ०.२० बाय ०.४६ आर्कसेकंदांचा, जागा ०.१ ने चुकली तर वस्तू शटरच्या दांड्यावर जाते आणि बराचसा प्रकाश वाया. आल्मासाठी झेडची अनिश्चितता मोलाची: एका सेटिंगमध्ये साधारण ७.५ गिगाहर्ट्झ मिळतात, तेही दोन तुकड्यांत. २२३ गिगाहर्ट्झवर त्याने झेडचा जेमतेम अर्धा अंक झाकला जातो. निव्वळ फिल्टरवरून काढलेला ‘झेड १४ अधिक-उणे १’ घेऊन गेलात तर चार-पाच सेटिंग मागावी लागतील, म्हणून आधी प्रिझमचा वर्णपट, मग आल्मा.